स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी

स्लॅब टाकायच्या दिवशी साइटवर गर्दी असते. मालक सहकुटुंब हजर असतो, नारळ फुटलेला असतो, मिक्सर आणि लिफ्टची घरघर चालू असते, बिगारी पाट्या घेऊन पळत असतात. ठेकेदार स्वतः उभा राहून आरडाओरडा करतो. दुपारी सगळ्यांना जेवण, वर जिलेबी. संध्याकाळी फोटो निघतात आणि ते नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. दुसऱ्या दिवशी तिथं कोण असतं? कोणीच नसतं. सेंट्रिंगवाला पुढच्या साइटवर गेलेला, ठेकेदार त्याच्या पुढच्या, मालक नोकरीवर. आणि त्या घराच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ नेमका त्या सकाळी सुरू झालेला असतो.

काँक्रीट वाळलं की घट्ट होतं, असं आपल्याकडे गवंड्यापासून मालकापर्यंत बहुतेकांना वाटतं. ते चूक आहे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन काँक्रीटला ताकद येते. ती क्रिया कित्येक दिवस चालते आणि तिला सतत ओल लागते. पाणी आटलं की ती थांबते. मग महिन्याभरानं कितीही पाइप फिरवा, गेलेली ताकद पुरती भरून येत नाही. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आहे, आयएस 456. त्यानुसार साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान 7 दिवस सतत ओलं ठेवायचं, म्हणजे क्युरिंग करायचं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असेल, किंवा हवा उष्ण आणि कोरडी असेल, तर किमान 10 दिवस. पीपीसीला 14 दिवस दिले तर उत्तम. आज दुकानातून घरी येणारी बहुतेक गोणी पीपीसीचीच असते. आणि नगरचा एप्रिल उष्ण आणि कोरडा असतो हे नगरकराला कोणी सांगायला नको.

म्हणजे आपल्याकडे 10 दिवस हा किमान आकडा झाला. प्रत्यक्षात काय होतं? स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी करून त्यात इंच-दोन इंच पाणी साठवून ठेवायचं, ही साधी आणि जुनी रीत. ती गवंड्याला माहीत असते. पण नळाला पाणी दिवसाआड, बोअर उन्हाळ्यात खोल गेलेला, टँकर विकत. टँकरचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेलंच नसतं. ठेकेदार म्हणतो, पाणी मालकाकडे. मालक म्हणतो, स्लॅबच्या भावात सगळं आलं. शेवटी शेजारच्या साइटचा वॉचमन सकाळी दहा मिनिटं पाइप मारून जातो. अकरा वाजता तो स्लॅब पांढरा फटक पडलेला असतो. चार दिवसांनी त्याच्यावर केसासारख्या भेगा दिसतात. कोणीतरी त्यावर सिमेंटचं पाणी ओततं आणि विषय संपतो.

विषय तिथं संपत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी त्या भेगांतून पाणी सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि ती खालचं काँक्रीट ढकलून पाडते. हॉलच्या छताचा पापुद्रा सोफ्यावर पडतो तेव्हा घरात पहिल्यांदा गंभीर चर्चा होते. त्या वेळी ठेकेदाराचा नंबर लागत नाही.

माझी तक्रार एका वाक्याची आहे. आपल्याकडे घर बांधताना पैसे दिसणाऱ्या कामाला मिळतात आणि न दिसणारं काम कोणीही तपासत नाही. मालक तपासत नाही, इंजिनिअर साइटवर येत नाही, पालिका बघत नाही, कायदा लांब उभा राहतो. त्यामुळे जे झाकलं जाणार आहे तिथंच काम मारलं जातं. गिलावा आणि फरशी झाली की पुरावाही बुजतो.

बाथरूम घ्या. नगरच्या सावेडीतल्या एका रो-हाऊसमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी खाली देवघराच्या भिंतीत उतरत होतं. घरमालक निवृत्त शिक्षक. तीन वर्षांत त्यांनी तीन वेळा फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून घेतलं, एकदा भिंतीला रंग दिला, एकदा वॉटरप्रूफिंगवाल्याकडून वरून केमिकल मारून घेतलं. त्याच्या कार्डावर दहा वर्षांची गॅरंटी छापलेली होती. ओल हटली नाही. शेवटी फरशी फोडली तेव्हा मी तिथं होतो. फरशीखालचा संक, म्हणजे बाथरूमच्या स्लॅबचा खोलगट भाग, भरायला विटांचे तुकडे हवे होते; तिथं साइटवरचा सगळा कचरा होता, सिमेंटच्या गोणीचे कागद, लाकडाचे तुकडे, माती. नहाणी ट्रॅप पाइपात नीट बसलेलाच नव्हता. सांध्याला वरून मूठभर सिमेंट थापलेलं, ते केव्हाच सुटलेलं. संकच्या तळाला वॉटरप्रूफिंगचा थर शोधूनही सापडला नाही. प्लंबरनं ट्रॅप हातात धरून नुसता हलवला, आणि तो निघून आला. शिक्षकांच्या सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या दिवसापासून हे असंच होतं."

होय, पहिल्या दिवसापासून. आणि पहिल्या दिवशी हे फुकटात कळलं असतं. फरशी बसवण्याआधी संकमध्ये पाणी तुंबवून एक-दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या खोलीत जाऊन छताला हात लावून बघायचा. एवढीच परीक्षा. तिला यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. लागतो तो फक्त वेळ. तोच कोणी देत नाही, कारण अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरलेला असतो, पत्रिका छापलेल्या असतात, आचाऱ्याला विसार दिलेला असतो. गृहप्रवेशाची तारीख आधी आणि घर नंतर, हा क्रम मालकांनीच लावलेला आहे. ठेकेदाराला तो फारच सोयीचा पडतो.

या जिल्ह्यात तर जमीनसुद्धा मालकाची परीक्षा बघते. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे बऱ्याच ठिकाणी चार हात खाली मुरूम किंवा कातळ लागतो. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगावच्या बागायती पट्ट्यात काळी माती खोलवर जाते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत हात जातो हे तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा गावठाणाबाहेर बंगला बांधतो तेव्हा पाया मात्र पाहुण्याच्या बंगल्याला होता तेवढाच घेतो, आणि पाहुणा राहतो पारनेरला. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. पावसाळ्यात ती मिटते, मे महिन्यात उघडते. रंगारी दर दिवाळीला ती लांबी लावून बुजवतो. भेग अशी उघडझाप करत असेल तर दोष गिलाव्यात नसतो, पाया हलत असतो. त्याला लांबीचा उपयोग नाही. कडक थरापर्यंत खोदणं, काळी माती काढून मुरूम भरून ठोकणं, प्लिंथ बीम घालणं, घराभोवती पाणी साचू न देणं, हे सगळं आधी करायचं असतं. त्यासाठी मातीची तपासणी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी लागते. तिथं आपण हात आखडतो. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांना आखडत नाही.

वाळूचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर या जिल्ह्यात फार रक्त आटून गेलं आहे. राज्यातला पहिला शासकीय वाळू डेपो 1 मे 2023 रोजी आपल्याच श्रीरामपूर तालुक्यात नायगावला सुरू झाला. ब्रासला 600 रुपये, असा भाव जाहीर झाला होता. त्यानंतर 2025 मध्ये धोरण पुन्हा बदललं आणि सरकारनं दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूवर भर दिला. धोरण कोणतंही असो, घर बांधणाऱ्याच्या दारात रात्री खाली होणाऱ्या ढिगात काय आहे ते कोणी बघत नाही. ही क्रश सँड चांगली असते, पण तिच्या नावाखाली क्रशरची नुसती भुकटी येते, आणि तिच्या गिलाव्याला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, हलवा, दोन-तीन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ट्रक परत पाठवा. घरातली शाळकरी मुलगी हे करू शकते.

आता कोणी म्हणेल की गळती, ओल, भेगा ही घराघरातली किरकोळ रडगाणी आहेत. तसं म्हणणाऱ्यानं नगर तालुक्यातलं निंबोडी आठवावं. 28 ऑगस्ट 2017 रोजी, पावसात, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत वर्गावर कोसळलं आणि 3 मुलं गेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, 16 माणसं मेली. ती काही शंभर वर्षांची चाळ नव्हती. जेमतेम दहा वर्षांचं बांधकाम होतं. इमारत पडणं ही मुंबईची बातमी आहे असं समजून आपण पान उलटतो. महाड मुंबई नाही. निंबोडी तर नाहीच नाही.

मग हे तपासायचं कोणी? नगर शहराबाहेरची फराहबाग आपण सहलीला बघतो. निजामशाहीच्या इतिहासात तिची एक गोष्ट सांगतात. पहिल्यांदा बांधलेला महाल मूर्तझा निजामशहाला पसंत पडला नाही, त्यानं तो पाडायला लावला आणि नव्यानं बांधून घेतला. आज उभा आहे तो 1583 च्या सुमाराचा. शहाला काम नापसंत असेल तर पाडून बांधायची सोय होती. केडगावात कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाला ती नाही. त्याच्याकडे कायदा हवा आणि कागद हवा.

कायदा आहे. 2016 चा रेरा कायदा म्हणतो की ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला आणि तो कळवला, तर विकासकानं 30 दिवसांत तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. हे कलम सोन्यासारखं आहे. त्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, 1 मे 2017 पासून सुरू आहे आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटवाल्यांना त्याचा उपयोग झाला आहे. पण त्याच कायद्यात नोंदणीतून सूट आहे: जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका 8 पेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. नगरच्या उपनगरांत, संगमनेरला, श्रीरामपूरला, शेवगावला बांधकाम कसलं चालतं? चार रो-हाऊस, सहा फ्लॅटची अपार्टमेंट. आणि स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून बांधलेला बंगला तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. मोठ्या शहराच्या मापानं कायदा शिवला आणि तालुक्याच्या गावाला तो अंगात बसत नाही.

पालिकेकडे वळा. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात सुमारे 1500 चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायला नेहमीच्या परवानगीची गरज राहिली नाही. नकाशे आणि शुल्क जमा करून काम सुरू करता येतं. हेलपाटे वाचले, टेबलाखालचे पैसे वाचले, हे चांगलंच झालं. मात्र पूर्वी कागदावर का होईना, कोणीतरी येऊन बघायचा जो प्रसंग होता, तोही गेला. त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही.

आता तुलना तुम्हीच करा. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मदत ठरली आणि ती टप्प्याटप्प्यानं मिळते. प्रत्येक टप्प्याला बांधकामाचा फोटो जागेच्या नोंदीसह चढवावा लागतो, तेव्हा पुढचा हप्ता सुटतो. फोटोवरून दर्जा कळत नाही हे मान्य. तरी कोणीतरी टप्पा बघतं. गावाच्या डांबरी रस्त्यावर पाटी असते: ठेकेदाराचं नाव, कामाची रक्कम, दोष दायित्व कालावधी 5 वर्षे. रस्त्याला खड्डा पडला तर निदान कोणाच्या नावानं बोंब मारायची ते कळतं. आणि आयुष्याची कमाई ओतून, भविष्य निर्वाह निधी काढून, बायकोचे दागिने ठेवून बांधलेल्या 40 लाखांच्या घराला टप्पा नाही, पाटी नाही, दायित्व नाही. आहे काय, तर एका वहीतला हिशेब: तारीख, रक्कम आणि "उचल दिली".

या शब्दावरच्या व्यवहाराचा मला राग आहे. ठेकेदार भाच्याच्या सासरचा असतो, गवंडी गावचा असतो, त्यामुळे लेखी करार करायचा म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. "मालक, टेन्शन घेऊ नका, आपलंच घर समजून करतो." हे वाक्य ऐकून किती लोकांनी लाखांची उचल दिली असेल! करार लिहिला की नातं तुटत नाही. स्लॅब गळला की तुटतं.

करार फार मोठा नको. दोन-तीन पानं पुरतात. सिमेंट कोणतं, सळई कोणत्या कंपनीची आणि किती जाडीची, काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, क्युरिंग किती दिवस आणि पाणी कोणाचं, सेंट्रिंग केव्हा काढायचं, वॉटरप्रूफिंग कशानं, दोष निघाला तर किती वर्षं दुरुस्ती फुकट. पैसे टप्प्यानं द्यायचे, आणि तेही टप्पा बघून. सरकार आपल्या ठेकेदाराची अनामत राखून ठेवतं, तशी आपणही शेवटची पाच-दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची, आणि हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचं. एका पावसाळ्याइतका प्रामाणिक इंजिनिअर या जिल्ह्यात दुसरा नाही. पैसे रोखीनं द्यायचे नाहीत. रोखीनं चार पैसे वाचतात आणि पुढं पुरावा शून्य उरतो.

आणि फोटो काढा. सळई बांधून झाली की स्लॅब पडायच्या आधी काढा. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत की ती थेट प्लायवर टेकली आहे ते दिसू द्या. संक भरायच्या आधी काढा. वायरमननं भिंतीत पाइप टाकले की गिलाव्याआधी काढा, म्हणजे पुढं खिळा ठोकताना वायर लागणार नाही. वायरमननं किंवा प्लंबरनं पाइपासाठी कॉलम-बीमला खाच पाडली असेल तर काम तिथंच थांबवा. फरशी बसली की नाण्यानं प्रत्येक फरशी वाजवा. पोकळ वाजली की खाली माल भरलेला नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातं बघा. गच्चीवर हेच करा. एवढ्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, चार रविवार लागतात. मार्बलचं देवघर निवडायला आपण त्यापेक्षा जास्त रविवार घालवतो.

गवंड्यावर सगळं ढकलणारा मी नाही. चौरस फुटाच्या भावानं काम घेणारा गवंडी जितक्या लवकर संपवेल तितकं त्याला परवडतं. क्युरिंगच्या 10 दिवसांचा एक पैसाही त्याच्या भावात नसतो. त्याला कोणी शिकवलेलंही नाही. वडिलांच्या हाताखाली तो चुना, माती, दगड शिकला. काँक्रीट, ट्रॅप, वॉटरप्रूफिंगची रसायनं तो बघून बघून शिकला. काँक्रीटमध्ये पाणी जास्त घातलं की ते सैल होऊन सोपं पसरतं, म्हणून तो पाणी घालतो. त्यानं ताकद किती घटते हे त्याला कोणी एकदाही मोजून दाखवलं नाही. त्याच्या हाताला कसब आहे. ज्या माणसाच्या ओळंब्याला रेषेचाही फरक दिसतो, त्याला हे समजायला किती दिवस लागतील?

यासाठी पैसा नाही असं नाही. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो. स्वतःसाठी ठरावीक खर्चाच्या आत घर बांधणाऱ्याला तो माफ आहे. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळानं कामगारांना सुरक्षेची पेटी दिली, भांड्यांचे संच दिले, मुलांना शिष्यवृत्ती दिली. घामाच्या माणसाच्या घरात चार गोष्टी आल्या, त्याचा कोणाला आकस नसावा. पण त्याच पैशातून नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग का चालू नयेत? बुडालेल्या रोजाची भरपाई देऊन, प्रत्यक्ष स्लॅब टाकून, प्रत्यक्ष संक भरून शिकवा. ग्रामीण घरकुलासाठी केंद्र सरकारनं गवंडी प्रशिक्षणाचा असाच कार्यक्रम आखला आहे. त्यात शिकता शिकता खरं घर उभं राहतं आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळतं. तो शहरात आणा. प्रमाणपत्र असलेल्या गवंड्याला मी चौरस फुटाला जास्त भाव आनंदानं देईन, आणि माझ्यासारखे हजारो देतील.

महापालिकेकडून आणि नगरपालिकांकडून मला एवढंच हवं आहे. परवानगी सोपी केलीत, ठीक. आता प्रत्येक नव्या घराच्या साइटवर पाटी सक्तीची करा: मालक, ठेकेदार, इंजिनिअर, तिघांची नावं आणि नंबर. आणि इंजिनिअरच्या सहीचे तीन दाखले जमा करून घ्या: पाया भरताना, स्लॅबची सळई बांधल्यावर, आणि स्लॅबनंतर दहाव्या दिवशी. सही करणारा साइटवर आला होता याचा फोटो त्यासोबत. फार मोठी यंत्रणा लागत नाही. घरकुलाला जे जमतं ते शहराला जमलं पाहिजे.

ज्यांची घरं बांधून झाली आहेत आणि गळत आहेत त्यांच्यासाठी एक दार अजून उघडं आहे. रेराची नोंदणी नसली तरी घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा आहे. सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 मध्येच हे स्पष्ट केलं आणि 2019 च्या कायद्यातही ते कायम आहे. ठेकेदाराला मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, 50 लाखांपर्यंत ते जास्तीत जास्त 1000 रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी नोंदणीकृत टपालानं ठेकेदाराला लेखी नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा. दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरला घर दाखवून दोषांचा आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अहवाल घ्या. दुरुस्ती थांबवता येत नसेल तर फोडण्याआधी, फोडताना आणि फोडल्यावरचे फोटो, व्हिडिओ ठेवा, बिलं ठेवा. बँकेचं पासबुक काढा. काही अडलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा.

मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांचीच आहे, आणि ती बहुतेकांची "पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघू" म्हणता म्हणता जाते. ठेकेदारही नेमका तेवढाच वेळ काढत असतो: गणपती झाले की माणूस पाठवतो, दिवाळी झाली की बघतो, सध्या लेबर गावी गेलंय. छतावर डाग पहिल्यांदा केव्हा दिसला ते घरात विचारा, मोबाइलमधल्या फोटोंवरून तारीख काढा, आणि नोटीस या आठवड्यात टाका.